साफ हाये, उडव

वैष्णवीनं फवारणीचा ड्रोन उडवायचं रीतसर शिक्षण घेतलं, लायसन मिळवलं, आणि मारेगावच्या आजूबाजूच्या गावांत 'इमानवाली बाई', म्हणजे विमानवाली, म्हणून तिचं नाव झालं. नवरा कपिल तिच्या हाताखाली. बायको इमान उडवते अन् हा टाकीत पाणी ओततो, म्हणून पारावरच्या रिकामटेकड्यांनी त्याला चिडवून पाहिलं. पण कपिल चिडेल तर शपथ. "पानी मी भरतो हे खरं," तो म्हणायचा, "पन मी हो म्हनल्याबिगर ते इमान जागचं हालत नाई. मंग मोठं कोन, सांगा."

थट्टेत बोलला तरी गोष्ट खरी होती. औषधानं भरलेला ड्रोन म्हणजे लग्नात फोटो काढणारं खेळणं नव्हे. भरल्या टाकीनिशी तो दोघांनी धरून उचलायचा, आणि पंख्यांची पाती विळ्यासारखी. एकदा वर गेला की गेला. सगळी भीती जमीन सुटतानाची. त्या वेळी समोर कोणी आलं, किंवा तुरीच्या ओळीत एखादी तण निंदणारी बाई राहून गेली, तर संपलंच. म्हणून कपिल आधी सगळं वावर पायी फिरायचा, मजुरांना बाहेर काढायचा, ढोरं हाकलायचा आणि पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहायचा. कपाशीत मधूनमधून तुरीच्या ओळी, डोक्याच्या वर गेलेल्या, त्यामुळे या टोकाचं त्या टोकाला दिसत नसे. मोबाइलची रेंज मिळाली तर मिळाली. राहिला गळा. वैष्णवी इकडून विचारायची, "साफ हाये काऽऽ?" आणि तिकडून कपिलचा खणखणीत आवाज यायचा, "साफ हाये वं... उडव!"

गळा मात्र त्याला देवानं सढळ हातानं दिला होता. त्यांची तीनेक वर्षांची पोरगी समीक्षा, घरात सगळे तिला समू म्हणत, ती त्या गळ्याशिवाय झोपत नसे. एका म्हशीचं गाणं होतं, त्यानंच रचलेलं. काळी म्हैस तळ्यात जाते आणि शिंगांवर चांदणं घेऊन घरी येते, एवढीच त्यातली कथा. पण ते ऐकता ऐकता पोरीचे डोळे मिटायचे, आणि स्वयंपाकघरात वैष्णवीचेही.

या हाकेवरून घरात एकदा जरा वाजलं होतं. कपिलची आई विमलताई जुन्या वळणाची. दिवेलागणीला वावरात कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारेलच. दुसरं काही असेल तर ते दोनदाच हाक मारतं आणि जातं. हे कपिलला दुधाबरोबर पाजलेलं. त्यामुळे कामाच्या सुरुवातीला संध्याकाळ झाली की हा बाबा दोन हाका गप्प राहायचा आणि तिसरीला ओ द्यायचा. वैष्णवीचा जीव टांगणीला लागायचा. एकदा ती जेवताना बोललीच.

"आमाले शिकवलं हाये, हाकेले उत्तर नाई तं समजा धोका हाये. पह्यल्या हाकेले लगेच बोलत जा. हे दुसरं-तिसरं घरी ठेवा."

"बरं बाप्पा," कपिल हसून म्हणाला. "आता पह्यल्याच हाकेले."

विमलताईंनी भाकरी थापता थापता एकदा सुनेकडं पाहिलं, एवढंच.

त्या दिवशी ते सदाशिवरावांच्या वावरात गेले ते अगदी नेहमीच्या कामाला. बोंडअळी पडली होती, औषध त्याच दिवशी मारायला हवं होतं. वावराच्या मधोमध एक लांबलचक सपाट पट्टी होती. काळी जमीन सगळीकडे भेगाळलेली, ही मात्र दाबून बसवल्यासारखी, आणि तिच्यात काही पेरलेलं नव्हतं. वर तार नाही, जवळ झाड नाही. ड्रोन उडवायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

"काकाजी, हे काहून रिकामं ठेवलं?" वैष्णवीनं विचारलं.

"इमानपट्टी हाये ते," सदाशिवराव म्हणाले. म्हातारा माणूस, बोलण्यात काटकसरी. "उडवा इथून. पन दिवेलागनीच्या आंधी आटपा बरं पोरी."

आटपणार कसं? दुपारभर वारा सुटलेला. वाऱ्यात औषध मारलं तर ते कपाशीवर कमी आणि शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर जास्त पडतं. वारा पडला तो ऊन उतरल्यावर. दोन खेपा झाल्या. तिसरी टाकी भरून कपिल पलीकडं निघाला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि पट्टीवर एक राखाडी उजेड उरला होता. तो तुरीत शिरला, पाल्याची सळसळ लांब लांब गेली आणि थांबली. सदाशिवराव केव्हाच घराकडे गेले होते. एवढ्यात वैष्णवीला पेट्रोलचा वास आला. त्यांचं यंत्र बॅटरीवर चालणारं, आणि गाडी लांब रस्त्यावर. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि टाकीचं झाकण आवळायला घेतलं.

तिचं झाकण आवळून व्हायचं होतं, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"साफ हाये वं... उडव!"

तिला हसू आलं. अजून विचारलंसुद्धा नव्हतं. समूच्या झोपेची वेळ झाली म्हणून घाई लागली असेल, असं तिला वाटलं. पण नियम तो नियम. ती मागे सरली, रिमोट गळ्यात अडकवला आणि हाक दिली.

"साफ हाये काऽऽ?"

उत्तर नाही.

"साफ हाये काऽऽ?"

रातकिड्यांनी सूर धरला होता. बाकी काही नाही. आईचं खूळ पुन्हा डोक्यात शिरलं वाटतं, असं म्हणत ती चिडलीच. तिसरी हाक तिनं जरा जोरातच मारली. लगेच ओळखीचा आवाज आला, तोच हेल, शेवटी तसाच चढवलेला.

"साफ हाये वं... उडव."

तिनं पंखे सुरू केले. घरघर चढली, धूळ उठली. बोटं रिमोटच्या दांडीवर होती. पण शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक सवय लावली होती: कानावर अर्धा भरवसा, डोळ्यावर अर्धा. जमीन सोडायच्या आधी मान वर करून समोर एकदा बघायचंच. तिनं मान वर केली.

धुळीत, यंत्राच्या अगदी तोंडावर, कपिल होता. धावत येत होता. एक हात गळ्याशी धरलेला, दुसरा हलवत. तोंड मोठ्ठं उघडलेलं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं.

तिनं पंखे बंद केले. कसे केले ते तिला आठवत नाही. पाती फिरत फिरत थांबली, आणि मग त्या शांततेत पलीकडच्या धुऱ्यावरून, अजिबात घाई नसल्यासारखा, पुन्हा तोच आवाज आला.

"साफ हाये वं... उडव."

कपिल तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. दोघांनीही तो ऐकला.

गाडीत बसल्यावर त्यानं मोबाइलवर लिहून दाखवलं. 'तू हाक मारली. मी लगेच ओ देल्ली. मंग गळ्यातून काहीतरी वढून नेल्यासारखं झालं.'

"मी तं तवा हाकच मारली नोती..." वैष्णवी म्हणाली.

सदाशिवरावांच्या ओसरीवर त्यांनी झालेलं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, बायकोला पाणी आणायला सांगितलं आणि कपिलकडं बघायचं टाळत बोलायला लागला.

"मी शाळेत होतो तवाची गोष्ट. फवारनीचं खरंखुरं इमान यायचं इकडं. त्या पट्टीवरून उडे. धावजी नावाचा मानूस पट्टीच्या त्या टोकाले उभा राहे. लोकं हटवे, ढोरं हटवे, मंग वरडे, साफ हाये. गळा असा का दोन गावाले आयकू जाये. एक दिवस त्याचा आवाज गेला. ना ताप, ना खोकला. मंग त्याच्या जागी दुसरा मानूस उभा केला, अन् धावजीले ढोरं हाकलाले ठेवलं."

पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"धुक्याची सकाळ होती. इमान निघाच्या आंधी आवाज आला, साफ हाये. पायलटनं आयकला. मीबी आयकला. धावजीचाच आवाज. समद्यायले वाटलं, बरं झालं बाप्पा, गळा उघडला त्याचा..."

"मंग?" वैष्णवीनं हळूच विचारलं.

"धावजी तवा पट्टीवर होता. एका म्हशीमांगं."

मग म्हातारा आपल्याच पायांकडं पाहत म्हणाला, "आवाज आंधी जाते. मंग मानसाले बोलावते. पोरी, याले आता वावरात नेऊ नोको. कोन्याच वावरात."

वणीच्या दवाखान्यात गळ्यात दुर्बीण घालून पाहिलं. डॉक्टर भले होते. गळा धडधाकट आहे, धसका बसला असेल, येईल आवाज, असं म्हणाले. विमलताईंनी मुलाच्या गळ्याला तेल चोळलं, अंगारा लावला, दृष्ट काढली. सुनेला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वैष्णवीला वाटे. पहिल्याच हाकेला बोलत जा, हे तिचंच वाक्य होतं, आणि ते तिला दिवसभर घासातल्या खड्यासारखं लागत होतं.

कपिल घरात बसून राहिला. एवढा बडबड्या माणूस, आता खाट विणायचा, शेंगा सोलायचा, आणि कोणी बाहेरून बोलल्यासारखं वाटलं की दचकून उभा राहायचा. सगळ्यांत हाल समूचे. रोज दिवेलागणीला ती बापाच्या मांडीवर चढायची, त्याच्या ओठांना हात लावायची आणि म्हणायची, "बाबा, म्हैस." कपिल ओठ हलवायचा. पोरगी रडून रडून दमली की मग कुठं डोळा लागायचा, आणि तेव्हा कपिल भिंतीकडं तोंड करून बसायचा. हे वैष्णवीला बघवेना.

एका संध्याकाळी ती कोणाला न सांगता सदाशिवरावांकडे गेली. त्यांनी आधी साफ नकार दिला, मग रस्त्यापर्यंत येतो म्हणाले. तिला एवढंच ठाऊक होतं की आपल्याकडे घाबरलेल्या लेकराचा जीव जिथं अडकला तिथं आई जाते आणि नाव घेऊन त्याला घरी बोलावते. लेकराचा जीव येत असेल तर माणसाचा आवाज का येणार नाही, असा तिचा हिशेब.

पट्टीवर ती एकटी उभी राहिली. तोच राखाडी उजेड. तोच पेट्रोलचा वास, या वेळी जवळून. नवऱ्याचं नाव तिनं आजवर मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"कपिलऽऽ."

तुरीचा पाला हलला नाही.

"कपिलऽऽ."

तिसऱ्या हाकेला तिचा स्वर फाटला. आणि पलीकडून आला तो आवाज, जरा जवळ आल्यासारखा.

"साफ हाये वं... उडव."

ऐकून तिला रडूच कोसळलं. किती दिवसांनी ऐकत होती. भीती होती, पण त्याहून जास्त काहीतरी होतं.

"घरी चाल," ती म्हणाली. "आता बस झालं. घरी चाल. समू झोपत नाई तुझ्या गान्याबिगर. तुझी समू..."

उत्तर आलं नाही. पण तुरीच्या ओळीत, लांबवर, कोणीतरी पहिलं पाऊल टाकावं तशी सळसळ झाली. ती वळली आणि मागे न बघता रस्त्यावर आली. सदाशिवराव तिथल्या मोरीच्या कठड्यावर हात टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नवऱ्याचं नाव घेतलं ते घेतलं," ते म्हणाले. "पोट्टीचं नाव कायले सांगितलं, बाई?"

पहिल्या संध्याकाळी काहीच झालं नाही. दुसऱ्या संध्याकाळी समू रडायला लागली, कपिलनं ओठ हलवले, आणि अंगणातून, गोठ्याच्या बाजूनं, गाणं सुरू झालं. काळी म्हैस तळ्यात गेली. तोच गळा, तीच संथ चाल. पोरीचं रडणं गपकन थांबलं. तिनं बापाच्या हलत्या ओठांकडं पाहिलं, खुदकन हसली आणि चांदणं शिंगांवर येईपर्यंत झोपून गेली. तिच्या दृष्टीनं बाबा गात होते. कपिलचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता, आणि वैष्णवी दारात पिठाच्या हातानं तशीच उभी होती.

गाणं संपलं. मग दाराबाहेरून आवाज आला, लाडात.

"समू..."

विमलताईंनी झेप घेऊन कडी लावली. कपिलनं झोपलेल्या पोरीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"समू..."

त्यानंतर काही नाही. बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत राहिली.

रोज हेच व्हायला लागलं. गाणं, आणि मग दोन हाका. दोनच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विमलताई सुनेशी बोलल्या. "पाह्य, मी म्हनत होतो तसंच हाये. ते दोनदाच हाक मारते. पोरीले शिकवाव लागन." आणि त्यांनी दुपारी नातीला मांडीवर घेऊन शिकवायला सुरुवात केली.

"पह्यली हाक आली तं?"

"गप," समू ओठांवर बोट ठेवायची.

"दुसरी आली तं?"

"गप."

"अन् तिसरी?"

"ओऽऽ!" आणि टाळ्या पिटायची. तिला तो खेळच वाटला. येता-जाता कोणी हाक मारली की दोनदा गप्प राहून डोळे मिचकावायची आणि तिसरीला ओ द्यायची. शेजारच्या बाया कौतुक करत. वैष्णवीला मात्र त्या कौतुकानं कधी हसू आलं नाही, तरी तिचाही जीव जरा खाली बसला. पोरगी झोपत होती. खातपीत होती. कपिलही कडी लावलेल्या दाराशी बसून स्वतःचंच गाणं ऐकायला शिकला होता. माणूस कशालाही सरावतो.

ती संध्याकाळ तशीच, इतरांसारखी. विमलताई देवापुढं दिवा लावत होत्या. कपिल मागच्या पडवीत ढोरांसाठी कुटार भरत होता. वैष्णवी परातीत कणीक मळत होती. समू आतल्या खोलीत खाटेवर. बाहेर गाणं झालं. म्हैस घरी आली.

"समू..."

वैष्णवीचा हात थांबला.

"समू..."

झाल्या दोन. तिनं रोखून धरलेला श्वास सोडला आणि परातीत पाण्याचा हबका मारला.

"समू..."

तिसरी हाक जरा वाट पाहून आली होती, घरचं माणूस मारतं तशी.

वैष्णवी उठेपर्यंत, विमलताईंच्या हातातली काडी विझेपर्यंत, आतल्या खोलीतून अभिमानानं भरलेला, बरोबर शिकवल्यासारखा आवाज आला.

"ओऽऽ!"

त्या दोघी धावत आत गेल्या. पोरगी खाटेवर बसलेली, सगळं बरोबर केल्यासारखी त्यांच्याकडं बघत होती. दार बंद होतं. कोणी ठोठावलं नाही, काही पडलं नाही. कपिल कुटाराचे हात तसेच घेऊन आला आणि त्यानं पोरीला छातीशी धरलं. तिला तसंच थोपटत त्यांनी झोपवलं आणि रात्रभर तिघं तिच्याभोवती बसून राहिली. बाहेर अंगण गप्प होतं. इतकं गप्प ते कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

उजाडलं. कपिल तोंड धुवायला न्हाणीवर गेला, खाकरला, चूळ भरली.

"अवं, टॉवेल कुठी ठेवला?"

वैष्णवीच्या हातातली कपबशी खाली पडली. विमलताई देवघरासमोर बसल्या होत्या, तिथंच त्यांनी डोकं टेकवलं. कपिलनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. "बोलून राह्यलो मी," तो म्हणाला. "वैष्णवी... आई... मी बोलून राह्यलो." तो रडत होता आणि हसत होता, आणि वैष्णवीनं त्याचे ओले हात तोंडाशी धरले. घरावरचं सावट उठलं असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

मग तो आत धावला. आपला आवाज पहिल्यांदा कोणाला ऐकवायचा ते त्यानं केव्हाच ठरवलं होतं. खाटेजवळ बसून त्यानं पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"समू... उठ वं बाई. समू..."

समूनं डोळे उघडले. बापाला बोलताना पाहिलं. तिचा चेहरा उजळला. खेळ आठवून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि वाट पाहिली.

"समू," कपिल हसत तिसऱ्यांदा म्हणाला.

तिनं बोट काढलं आणि तोंड उघडलं.

ओ आली. ती आली बाहेरून, गोठ्याच्या बाजूनं.